हुर्ड्याच्या चार चिठ्ठ्या

घरात माणसं पाच आणि चिठ्ठ्या चोवीस, म्हणजे कुणाला तरी एक कमी मिळणार हे उघड होतं. पण ती कमी चिठ्ठी आपल्याच वाट्याला का यावी, हे बद्रीनाथराव सोनटक्क्यांना काही केल्या पटत नव्हतं.

"सगळ्यांनी पाच-पाच लिहा," सूनबाई नम्रता म्हणाली होती. "बाबा, तुम्ही चार लिहिल्यात तरी चालेल."

बद्रीनाथरावांची सदतीस वर्षं सरकारी कचेरीत गेली होती. वरून खाली आलेला 'चालेल' हा आदेश असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरीही त्यांनी विचारलं, "मलाच चार का?"

"तुम्हाला कुठं बाहेर जायचं असतं बाबा," लॅपटॉपवरची नजर न काढता चिरंजीव अभिनव म्हणाला. हे बोलणं त्यांना लागलं. सेलूहून पुण्याला मुलाकडे येऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत बाहेर जाणं म्हणजे दूध आणणं, पीठ आणणं आणि नातीला बसपर्यंत सोडणं एवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. माणूस बाहेर जात नाही आणि माणसाला कुणी नेत नाही यांत फरक असतो, पण तो लॅपटॉपला कोण सांगणार.

तर झालं होतं असं. परदेशात म्हणे डिसेंबर लागला की नाताळपर्यंत रोज सकाळी एक पाकीट उघडतात आणि आतल्या चिठ्ठीत असेल ते घरादारानं मिळून करतात. नम्रतानं हे फोनवर बघितलं आणि मनावर घेतलं. आहेराची उरलेली चोवीस पाकिटं तिनं कपाटातून काढली, हॉलमध्ये खिडकीपासून टीव्हीपर्यंत दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ती टांगली. पाकिटांवर 'शुभाशीर्वाद' छापलेलं होतं, त्याखाली नऊ वर्षांच्या वैष्णवीनं स्केचपेननं तारखा घातल्या. वाघोलीतल्या अकराव्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये कुणीतरी लग्नाचा आहेर धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

हे सगळे नियम नम्रता समजावून सांगत होती तेव्हा बद्रीनाथराव गॅलरीत होते. सेलूहून फोन आला होता आणि कुणाच्या तुरीवर अळी पडली आहे हे वीस मिनिटं ऐकणं भाग होतं. आत आले तेव्हा त्यांच्या कानावर एवढंच पडलं, की निघेल त्या चिठ्ठीप्रमाणे करायचं.

चिठ्ठी हा बद्रीनाथरावांच्या आयुष्यातला जुना घाव होता. फार वर्षांपूर्वी सरकारी घरांचं वाटप चिठ्ठ्या टाकून झालं होतं. बद्रीनाथरावांनी प्रामाणिकपणे आपल्या नावाची एक चिठ्ठी टाकली आणि त्यांना पंपहाऊसच्या भिंतीला लागून असलेली खोली मिळाली. हेडक्लार्कनं आपल्या नावाच्या चार चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याला आंब्याखालचं घर मिळालं. तो पंप पहाटे चारला सुरू होई. सोळा वर्षं रोज पहाटे चारला बद्रीनाथराव त्या हेडक्लार्कची आठवण काढत उठले होते.

ती चूक ते पुन्हा करणार नव्हते. कोपऱ्यात पाठमोरं बसून त्यांनी चारही चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट लिहिली. 'विषय: हुर्डा.' मग चारही चिठ्ठ्यांना त्यांची ती प्रसिद्ध घडी घातली, आधी उभी तीनदा, मग आडवी दोनदा, आणि टोक आत खोचलेलं. ही घडी उजेडात धरली तरी आतलं अक्षर दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ती वैष्णवीलाही शिकवली होती आणि ती पोरगी आता वहीचं पानही तशीच घडी घालून दप्तरात ठेवायची. चोवीस चिठ्ठ्यांत चार आपल्या, म्हणजे हुर्डा निघणार हे जवळपास नक्की, असा हिशेब मांडून ते समाधानानं झोपले.

एक तारखेला पहिलं पाकीट उघडलं. नम्रताची चिठ्ठी निघाली, सगळ्यांनी फोन घरी ठेवून सकाळी फिरायला जाणे. बद्रीनाथरावांना वाईट वाटलं, पण नशिबापुढं इलाज नसतो. कानटोपी घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "आता ही बाकीची पाकिटं काय करायची?"

"रोज एक उघडायचं, आबा," वैष्णवी म्हणाली. "सगळ्या चिठ्ठ्या निघणार."

बद्रीनाथरावांची कानटोपी डोळ्यांवर आली ती त्यांनी बराच वेळ वर केली नाही. फिरून परत आले तर लिफ्टमध्ये नोटीस लागलेली. सोसायटीचे चेअरमन अनंत आगाशे बोलत कमी आणि लिहीत जास्त. नोटीस अशी होती: 'चोवीस तारखेला सायंकाळी सहा वाजता क्लबहाऊसमध्ये लहान मुलांनी आपापल्या कुटुंबाची डिसेंबर डायरी वाचून दाखवावी. रोजचे एक पान. पुनरावृत्ती आढळल्यास पान बाद. पालकांनी लिहून दिल्याचे लक्षात येतेच.'

"माझी चोवीसच्या चोवीस पानं होणार," वैष्णवी लिफ्टमध्ये म्हणाली. "मी माइकवर वाचणार. आबा, तुम्ही पुढच्या ओळीत बसा." मागच्या वर्षी ऐन कार्यक्रमात तिला गोवर निघाला होता. माइकसमोर उभं राहण्याची तयारी ती तेव्हापासून आरशासमोर करत होती. चोवीस पानांपैकी तीन त्यांनी आधीच बाद करून ठेवली होती आणि पोरीला त्याचा पत्ताही नव्हता.

पहिला आठवडा बरा गेला. बद्रीनाथरावांच्या पत्नी वेणूबाईंची पहिली चिठ्ठी निघाली, 'आज स्वयंपाक नाही.' ती सगळ्यांना फार आवडली. अभिनवच्या चिठ्ठीनुसार सगळ्यांनी घरी बसून सिनेमा बघितला, म्हणजे चौघांनी बघितला आणि अभिनव झोपला. आणि सात तारखेला, रविवारी, पहिला हुर्डा निघाला.

वाघोलीच्या मागे रंगरावांचं शेत होतं. म्हणजे सोसायटी ज्यावर उभी होती तेही पूर्वी रंगरावांचंच शेत होतं, आता उरलं होतं ते मागचं. बद्रीनाथरावांनी त्यांना फोन केला, रंगराव म्हणाले या, आणि पाचजण सतरंजी, लसणाची चटणी, गूळ, दही आणि बोरं घेऊन थाटात निघाले. वाटेवर बद्रीनाथरावांनी गुळभेंडी ज्वारीची महती सांगितली, आगटी कशी पेटवतात ते सांगितलं, गरम कणीस हातावर कसं चोळायचं ते हवेत करून दाखवलं. तीन वर्षांत इतकं सलग त्यांना कुणी बोलू दिलं नव्हतं.

रंगरावांनी गोवऱ्यांची आगटी तयार ठेवली होती. कणसं भाजली. बद्रीनाथरावांनी पहिलं कणीस ऐटीत हातात घेऊन चोळलं आणि त्यांच्या तळहातावरून पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"काका, हुर्डा व्हायला अजून पंधरा दिस हायेत," रंगराव म्हणाले. "आत्ता कणसात नुसतं दूध हाय."

"मग फोनवर सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुम्ही इच्यारलं कुठं? तुम्ही म्हणलात, रविवारी येतो. म्या म्हणलं, या. येणाऱ्याला येऊ नका म्हणायची आमच्यात पद्धत न्हाई."

ज्वारीच्या गावात जन्मलेल्या माणसाला ज्वारी कधी भरते हे ठाऊक नसावं, यावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. अभिनव बांधावर उभा राहून ऑफिसच्या कॉलवर "यू आर ऑन म्यूट" म्हणत होता आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे असं बद्रीनाथरावांना उगाच वाटत राहिलं. वैष्णवीनं मात्र पान लिहिलं: 'आज आम्ही हुर्डा खायला गेलो आणि गूळ खाल्ला. मजा आली.'

अकरा तारखेला, गुरुवारी, दुसरा हुर्डा निघाला. नम्रतानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "बाबा, हे परत?"

"नजरचुकीनं दोनदा लिहिलं गेलं असेल."

"अजून आहेत का?"

"छे," बद्रीनाथराव म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी लेखी खोटं कधी केलं नव्हतं. तोंडी मात्र होऊन गेलं.

"पण माझं पान," वैष्णवी रडकुंडीला येऊन म्हणाली. निघालेली चिठ्ठी टाळायची नाही हा एक नियम, पान परत लिहायचं नाही हा दुसरा. दोन परिपत्रकं एकमेकांच्या विरुद्ध आली की मधून वाट काढायची असते, आणि त्यात बद्रीनाथरावांचा हात धरणारं कचेरीत कुणी नव्हतं. हुर्डा करायचा पण आपल्याच इमारतीच्या गच्चीवर, आणि पानाला नाव द्यायचं 'गच्चीवरची शेकोटी', असं त्यांनी ठरवून टाकलं.

गच्चीसाठी चेअरमनची परवानगी लागते. बद्रीनाथरावांनी रीतसर अर्ज केला, विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं सगळं व्यवस्थित. आगाशे दारातच उभं राहून तो वाचू लागले.

"शेकोटी कशासाठी?"

"हुर्ड्यासाठी."

"आपल्याकडे गॅस नाही का?"

"हुर्डा गॅसवर होत नाही."

"बऱ्याच गोष्टी होत नाहीत, तरी लोक करतात," आगाशे म्हणाले आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं लेखी उत्तर आलं: 'अर्ज वाचला. शुद्धलेखन चांगले आहे. परवानगी नाकारण्याचे कारण सापडेपर्यंत परवानगी आहे.' असं उत्तर आपल्याला नोकरीत कधी सुचलं नाही, याची बद्रीनाथरावांना मनापासून खंत वाटली.

कणसं मिळणार नव्हती, म्हणून नम्रतानं फोनवरून सोललेल्या हुर्ड्याची बर्फात गोठवलेली पाकिटं मागवली. गोवऱ्याही फोनवरूनच आल्या, दहा मिनिटांत, बांगडीएवढ्या, चकचकीत वेष्टणात. संध्याकाळी घमेल्यात त्या पेटवल्यावर कळलं की त्या पूजेच्या होत्या, त्यात कापूर आणि गुग्गुळ घातलेला होता. गच्चीवर आरतीचा वास सुटला. वेणूबाईंनी नकळत हात जोडले. गोठलेला हुर्डा तव्यावर पडताच पाणी सुटलं, ते निखाऱ्यावर सांडलं, आणि जो धूर झाला तो लिफ्टच्या खोलीतून थेट खाली उतरला. पुढच्या मिनिटाला इमारतीचा भोंगा वाजायला लागला.

अकरा मजले जिन्यानं रिकामे झाले. कुणी मांजर घेऊन, कुणी टीव्हीचा रिमोट घेऊन, आणि अभिनव उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर समईसारखा धरून कॉल न तोडता खाली आला. पार्किंगमध्ये आगाशे शिट्टी, घड्याळ आणि वही घेऊन आधीच उभे होते. बद्रीनाथराव सगळ्यांत शेवटी आले, काळवंडलेली कानटोपी आणि हातात झारा. आता सगळ्या सोसायटीसमोर आपली शोभा होणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"सहा महिन्यांपासून आगीची रंगीत तालीम राहिली होती," आगाशे वहीत लिहीत म्हणाले. "झाली. साडेसात मिनिटं लागली. सोनटक्के, पुढच्या वेळी आधी कळवून धूर करा."

वैष्णवीचं पान वाचलं. तिनं 'आगीची रंगीत तालीम' असं झकास पान लिहिलं, आणि खालच्या मजल्यांवरच्या मुलांनीही आपापल्या डायरीत तेच लिहिलं. पण बद्रीनाथरावांची पाचावर धारण बसली होती ती उठली नाही. दोरीवर अजून दोन हुर्डे लोंबकळत होते.

ते दोन काढून टाकायचं त्यांनी पंधरा तारखेला दुपारी ठरवलं. अभिनव आणि नम्रता खराडीला आपापल्या ऑफिसात, वैष्णवी शाळेत, वेणूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. दोरीवर नऊ पाकिटं उरली होती. बद्रीनाथरावांनी दोन नव्या चिठ्ठ्या आधीच तयार ठेवल्या होत्या, एकीवर 'पतंग उडवणे' आणि दुसरीवर 'कात्रजला साप बघणे'. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं होतं, अभिनवचं वाटावं म्हणून.

चश्मा आतल्या खोलीत राहिला होता. तो आणायला गेलं तर वेणूबाई जाग्या होणार. पण चश्म्याची गरजच काय, आपली घडी बोटांना कळते, असा त्यांना विश्वास होता. शेवटच्या पाकिटापासून मागे येत त्यांनी एकेक चाचपलं. चोवीस तारखेच्या पाकिटात ती घडी लागली, एकोणीसच्या पाकिटातही लागली, आणि दोन झाल्या म्हणून ते तिथंच थांबले. दोन्ही काढल्या, नव्या सारल्या, आणि एवढ्यात मागे पैंजणं वाजली.

"अहो, काय करताय?"

चिठ्ठ्या ठेवायला जागा नव्हती. लुंगीला खिसा नाही, बंडीला खिसा नाही. सदतीस वर्षांचा अनुभव अशा वेळी काहीच कामाला येत नाही. बद्रीनाथरावांनी दोन्ही चिठ्ठ्या तोंडात टाकल्या.

"काय खाताय?"

"बडीशेप," ते कसेबसे म्हणाले आणि चावत राहिले. वेणूबाई क्षणभर त्यांच्या फुगलेल्या गालांकडे बघत उभ्या राहिल्या, मग पाणी पिऊन आत निघून गेल्या. चांगल्या प्रतीचा कागद गिळायला किती वेळ लागतो, हे ज्यानं गिळला नाही त्याला कळायचं नाही.

सतरा तारखेला पाकीट उघडलं आणि त्यातून हुर्डा निघाला.

बद्रीनाथरावांनी मनात बेरीज केली. सात, अकरा, सतरा म्हणजे तीन. पोटात गेल्या दोन. एकूण पाच. त्यांनी लिहिल्या होत्या चार. हा हिशेब कचेरीतल्या कुठल्याही ताळेबंदात बसणारा नव्हता, आणि याचा अर्थ एकच होता, की पोटातली एक चिठ्ठी त्यांची नव्हती. ती घडी घरात फक्त दोघांना येत होती.

त्या दिवशी वेणूबाईंनी एक शब्द न बोलता उरलेल्या हुर्ड्याची थालीपिठं लावली. वैष्णवीनं 'आजीची रेसिपी' म्हणून पान लिहिलं. जेवता जेवता ती म्हणाली, "चोवीसची माझी आहे. मी मुद्दाम शेवटी ठेवलीय. ती सगळ्यात भारी आहे." आणि उठून तिनं चोवीसचं पाकीट दोरीवरून काढलं आणि आपल्या उशीखाली नेऊन ठेवलं, कुणी आधी उघडू नये म्हणून.

बद्रीनाथरावांनी हातातलं थालीपीठ ताटात परत ठेवलं. त्या पाकिटात आता साप होता. आणि वैष्णवी पालीला बघून कॉटवर चढणारी पोर होती.

दुसऱ्या दिवशी बसपर्यंत सोडताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "वैशू, चोवीसला काय लिहिलंयस ग?"

"सांगितलं तर मजा जाईल."

"थोडं तरी सांग."

वैष्णवीनं विचार केला. "मलाही माहीत नाही आबा, काय असेल ते. त्या दिवशीच कळेल."

बस आली, ती गेली, आणि बद्रीनाथराव फुटपाथवर उभेच राहिले. लिहिणारीलाच माहीत नाही काय असेल ते. म्हणजे तिनं कधी न पाहिलेली गोष्ट असणार. न पाहिलेली म्हणजे काय? त्यांनी आगाशेंना लिफ्टमध्ये गाठलं आणि एका मित्राच्या नातीची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. "तुमच्या मित्रानं नातीला खरं सांगावं," आगाशे म्हणाले. "आणि तुमच्या मित्राला सांगा, कागद पचतो, शाई बाधते." रंगरावांना विचारलं तर ते म्हणाले, "पोरांना घोडं लई आवडतं बघा. माझी शर्यतीची घोडी हाय, घेऊन येतो चोवीसला."

खरं सांगायचा विचार बद्रीनाथरावांनी रोज केला. रोज सकाळी ते तोंड उघडत आणि रोज वैष्णवी म्हणे, "आबा, अजून सहा दिवस", "आबा, अजून चार दिवस". या घरात आपल्यावर सगळ्यांत जास्त भरवसा ठेवणारं माणूस कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेवढं एक माणूस गमवायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून मग त्यांनी जे जे असू शकेल ते ते सगळं आणायचं ठरवलं. तंबूत झोपायला मिळेल का, असं तिनं एकदा विचारलं होतं, तेव्हा तंबू. पुण्यात बर्फ का पडत नाही, असंही विचारलं होतं, तेव्हा बर्फ. आणि रंगरावांची घोडी.

चोवीस तारीख, बुधवार. नम्रतानं आणि अभिनवनं सुट्टी घेतली होती. सकाळी आठ वाजता सोसायटीच्या फाटकाशी बर्फाची लादी घेऊन टेंपो आला, त्यामागे मंडपवाल्याचा तंबू आला आणि त्यामागे घोडीवर बसून स्वतः रंगराव आले, मांडीवर एक भरलेलं पोतं. फाटकावरच्या यंत्रात आत येणाऱ्याची नोंद करावी लागते. त्यात पाहुणे, कामवाली, डिलिव्हरी आणि टॅक्सी एवढेच प्रकार होते. पहारेकऱ्यानं फोन करून विचारलं, "साहेब, घोडी कशात टाकू?" फोन वैष्णवीनं उचलला होता. ती धावत गॅलरीत गेली, आणि तिच्यामागे सगळं घर. अकरा मजले खाली पार्किंगमध्ये गुलाबी तंबू उलगडत होता आणि घोडी बर्फाची लादी चाटत होती. आगाशे शेजारी वही घेऊन उभे होते.

"बाबा, हे काय आहे?" अभिनवनं विचारलं.

"आधी पाकीट उघडा," बद्रीनाथराव म्हणाले.

वैष्णवीनं पाकीट उघडलं, घडी सोडली आणि वाचलं, "कात्रजला साप बघणे." तिनं कागद उलटा केला, परत सुलटा केला. "हे माझं अक्षर नाहीये. माझंही नाही आणि बाबाचंही नाही."

"आणि ते बुधवारी बंद असतं," अभिनव म्हणाला.

वैष्णवीचे डोळे भरून आले. बद्रीनाथरावांना वाटलं, पंपहाऊसशेजारची सोळा वर्षं परत भोगावीत पण हे बघू नये. ते गुडघ्यावर हात ठेवून तिच्यासमोर खाली बसले.

"वैशू, तुझी चिठ्ठी मी खाल्ली," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. हेडक्लार्क, चार चिठ्ठ्या, आपली घडी, विसरलेला चश्मा, काही राखून ठेवलं नाही. "तू काय लिहिलं होतंस ते मला कळेना, म्हणून खाली ते सगळं आणलंय. त्यातलं काही आहे का बघ. नसलं तर सांग, आत्ता जाऊन आणतो."

वैष्णवीनं नाक पुसलं. "त्यातलं काहीच नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं, आज आबा सांगतील ते करायचं. कारण सगळ्यांना पाच मिळाल्या आणि तुम्हाला चारच. मग मी माझी एक तुम्हाला दिली."

अभिनवनं लॅपटॉप बंद केला. त्या घरात तो दिवसाउजेडी बंद झालेला कुणी पाहिला नव्हता. नम्रता दोरीवरचे रिकामे चिमटे उगाच सारखे करू लागली. बद्रीनाथरावांनी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

"मग सांगा, आबा," वैष्णवी म्हणाली. "काय करायचं?"

आता काय मागावं? तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि आज सगळे तोंडाकडे बघत होते. नम्रताच्या चेहऱ्यावर तर स्पष्ट भीती दिसत होती. तेवढ्यात खालून रंगरावांची हाक आली. पोतं वर धरून ते ओरडत होते, "काका, पंधरा दिस झाले. आता भरलंय बघा कणीस."

बद्रीनाथरावांनी एकेकाकडे पाहिलं. मान खाली घातली. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हुर्डा."

त्या दिवशी रंगरावांच्या शेतात जो हुर्डा निघाला तो हिरवागार, टपोरा आणि गोड होता. बद्रीनाथरावांनी स्वतः आगटी पेटवली, स्वतः कणसं चोळली, आणि तळहात लाल होईपर्यंत प्रत्येकाच्या पुढ्यात ढीग घातले. बर्फाची लादी आगाशेंनी घोडीच्या नावावर लिहून टाकली आणि तंबू पार्किंगमधून काढण्याबद्दल नोटीसही लावली, पण हुर्डा खायला तेही आले. त्यांनी तीनदा मागून घेतला आणि "बरा आहे" म्हणाले. पुण्यात याला फार मोठी दाद समजतात.

संध्याकाळी सहाला क्लबहाऊसमध्ये वैष्णवी माइकसमोर उभी राहिली. बद्रीनाथराव पुढच्या ओळीत, काळवंडलेली कानटोपी मांडीवर घेऊन. तिनं तेवीस पानं खणखणीत वाचली, फक्त आगीच्या तालमीच्या पानाला मागून सगळ्या मुलांनी साथ दिली. चोविसाव्या पानाशी बद्रीनाथरावांनी आगाशेंच्या वहीकडे पाहिलं. हुर्डा सात तारखेला लिहून झाला होता. पुनरावृत्ती आढळल्यास पान बाद.

"पान चोवीस," वैष्णवीनं वाचलं. "आज माझ्या आबांनी कबूल केलं की त्यांनी माझी चिठ्ठी खाल्ली. मला आधी रडू आलं. मग आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. पुढच्या वर्षी आबांना पाच चिठ्ठ्या द्यायच्या आहेत, पण लिहिताना मी शेजारी बसणार आहे."

टाळ्या वाजल्या. आगाशेंनी वही चाळली, चश्मा वर केला आणि जाहीर केलं, "हुर्ड्याचा उल्लेख पूर्वी आला आहे. चिठ्ठी खाल्ल्याचा मात्र नाही. पान ग्राह्य."

बद्रीनाथराव मागे टेकून बसले. शेजारी बसलेल्या वेणूबाईंनी पर्समधून एक छोटी डबी काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या तळहातावर चिमूटभर ठेवलं.

"घ्या, बडीशेप," त्या समोर बघत म्हणाल्या. "ही कागदापेक्षा बरी लागते."